शिल्लक चार डेसिबल

कुपवाडच्या एका कारखान्यात तांदळाच्या दाण्याएवढा मायक्रोफोन बनत होता. त्यातला चार डेसिबलचा गोंगाट काही केल्या जात नव्हता, आणि तो गोंगाट म्हणजे सतीश मगदूम, हे मंगळवारी सकाळी साडेदहाला सिद्ध झालं.

सिद्ध केलं प्रयोगशाळेच्या प्रमुख नाडगौडा मॅडमनी. त्यांनी आधी मायक्रोफोनचा पडदा बदलून पाहिला, मग तारा, मग भिंतींवरचा फोम. आकडा हलेना. शेवटी त्यांनी एकेकाला आवाज मोजायच्या शांत खोलीबाहेर काढलं. सतीश बाहेर पडला आणि आकडा शून्यावर आला. तो आत आला की चार, बाहेर गेला की शून्य. अकरा वेळा हेच झालं.

सतीश हबकलाच. बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला, तुम्हीच तो बिघाड, असं कुणी तोंडावर सांगितलं तर दुसरं काय होणार?

"मग मी बाहेरच थांबतो," तो म्हणाला.

"पडदा जुळवणार कोण? तुमच्याशिवाय कुणाचा हात बसतो त्यावर?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आत यायचं. फक्त आवाज बाहेर ठेवायचा."

नाही म्हणायला सतीशची जीभ रेटेना, कारण हा मायक्रोफोन त्याला अण्णांच्या श्रवणयंत्रात बसवायचा होता. अण्णा म्हणजे त्याचे वडील. साखर कारखान्याच्या बॉयलरशेजारी जन्म गेला आणि कानही तिथेच गेले. आजवरच्या यंत्रांची मजल तोकडी. हळू बोललं तर पोचत नसे, आणि कुकरची शिट्टी झाली की कानात असा खरखराट उठे की अण्णा यंत्र उपटून ताटाशेजारी ठेवत. मुंगीच्या पावलापासून सुतळी बॉम्बपर्यंत सगळं न फाटता ऐकू येईल असं यंत्र सतीशला हवं होतं. वडिलांशी ओरडून बोलायचा त्याला वीट आला होता. एकदा तरी साध्या आवाजात 'अण्णा, जेवलात का?' विचारावं, एवढीच त्याची इच्छा होती.

आवाज जमा करायचा म्हणजे स्टोअरला. स्टोअरकीपर ऐतवडेमामांनी झाकणाचा स्टीलचा डबा पुढे केला. सतीशने त्यात आधी श्वास काढून ठेवला, मग छातीची धडधड, पोटाची गुरगुर आणि गुडघ्यांची कटकट. शेवटी घशातला आवाजही ठेवला, कारण गप्प बसलेला घसासुद्धा अर्धा डेसिबल खातो.

"मालाचं नाव लिवा सायेब," मामा म्हणाले.

नको असलेल्या आवाजाला सतीशच्या धंद्यात एकच नाव. त्याने प्रामाणिकपणे डब्याच्या चिठ्ठीवर आणि पावतीवरही लिहिलं, 'गोंगाट', आणि पावती खिशात घातली.

तीन दिवसांत पडदा जुळला. मुंगी गुळाच्या खड्यावरून चालली, ते ऐकू आलं. सुतळी बॉम्ब फुटला, तोही स्वच्छ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सतीशनेही वाजवल्या, त्या वाजल्या नाहीत एवढंच.

मधल्या काळात खंडेनवमी होऊन गेली होती. यंत्रांची पूजा करायची तर आधी झाडलोट करावी लागते. सतीश डबा घ्यायला गेला तेव्हा स्टोअरमधली डब्यांची फळी धुऊन पुसून लख्ख होती आणि तिच्यावर झेंडूची माळ होती.

"गोंगाट लिवलं हुतं सायेब, तुमीच," मामा म्हणाले. "सणासुदीला गोंगाट ठिवून घेतंय व्हय कुनी? भंगारवाल्यानं डबा नेला. आतलं हितंच वतलं, गटारीच्या कडंला."

आयुष्यात पहिल्यांदा सतीश रागाने कुणावर तरी ओरडला, मनापासून, मानेच्या शिरा ताणून. मामांनी त्याच्या उघड्या तोंडाकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

घरी त्याने अण्णांच्या कानात यंत्र बसवलं. अण्णा क्षणभर दचकले. मग त्यांचे डोळे भरून आले.

"पद्मजा, लसूण सोलतीयेस नव्हं?" त्यांनी सुनेला विचारलं. "टरफलं ऐकू येतायत गं! आणि भिंतीपलीकडं आवटी वहिनी आपल्यालाच नावं ठेवतायत!" ते लहान मुलासारखे हसले. मग लेकाकडे वळले. "सतीश, बोल की. ओरडू नगंस. साधं बोल."

सतीशने विचारलं, "अण्णा, जेवलात का?"

अण्णांनी यंत्राचं बटण फिरवलं. थोडं थांबून आणखी फिरवलं. "रागावलाय का गं हा माझ्यावर?"

"नाही हो अण्णा," पद्मजा म्हणाली. सतीशने तिला सगळं लिहून दाखवलं होतं. "त्यांचा आवाज कारखान्यात जमा होता. तो गेला."

"मग पावती असंल," अण्णा म्हणाले. त्यांचीही उभी हयात कारखान्यात गेलेली.

सतीशने पावती दिली. अण्णांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "गोंगाट," ते म्हणाले. "अक्षर तुझंच हाय." लसूण तसाच राहिला.

यंत्रासोबत अभिप्रायाचा कागद होता. अण्णांच्या मते कागद दिला म्हणजे तो भरायचा, आणि खरं तेच लिहायचं. त्यांनी लिहिलं, 'सगळे ऐकू येते. मुलगा ऐकू येत नाही.'

सोमवारी ती तक्रार सतीशच्या टेबलावर आली. ज्याने जुळवणी केली त्यानेच उत्तर द्यायचं, तेही चोवीस तासांत, असा नियम आहे. त्याने अण्णांचं यंत्र मागवून घेतलं, शांत खोलीत ठेवलं आणि त्याच्यासमोर बसून दोन तास बोलला. लहानपणापासूनचं सगळं बोलला. अण्णांनी सायकलवर पुढे बसवून शाळेत नेलं तेही सांगितलं. आकडा शून्यावरून हलला नाही.

मग त्याने डोळे पुसले आणि उत्तराच्या रकान्यात लिहिलं, 'तपासणी केली. मायक्रोफोन निर्दोष आहे. तक्रारीत उल्लेखलेला मुलगा आढळला नाही.'

खाली त्याने सही केली. नाडगौडा मॅडमनी प्रतिसही केली, आणि तक्रार निकाली निघाली.