फ्रीझर रिकामा होईना

घड्याळवाल्यांनी फ्रीझरचं झाकण उघडून दुधाच्या पिशव्या मोजल्या. एकवीस. पुन्हा मोजल्या, पुन्हा एकवीसच. काल संध्याकाळी वाटून झाल्यावर सतरा उरल्या होत्या. सकाळी धार काढून दोन भरल्या, म्हणजे एकोणीस व्हायला हव्या होत्या. दूध चोरीला गेलं असतं तर समजण्यासारखं होतं. हे वाढत होतं.

चाळीस वर्षं ज्या माणसाने मोहरीएवढे स्क्रू मोजून बशीत काढले आणि मोजून परत बसवले, त्याची मोजणी चुकणं शक्य नव्हतं. आणि चुकली असेल तर ते फार वाईट होतं. कारण लेकीचं म्हणणंच ते होतं, की बाबा हल्ली विसरतात.

शेळी बायकोची होती. बायको तिला बाईसाहेब म्हणायची आणि तसंच वागवायची. आठ महिन्यांपूर्वी बायको गेली, आणि नंतर बाईसाहेब व्याल्या. करडं मोठी होऊन एका ओळखीच्या घरी गेली, तसं सगळं दूध घरात राहू लागलं. एका माणसाच्या दोन वेळच्या चहाला किती दूध लागणार? घड्याळवाल्यांनी दही लावून पाहिलं. पातेली संपली, दही संपलं नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून साबण करून पाहिला. तो साबण अजून न्हाणीत होता, वाटीत, चमच्याने घ्यावा लागे. शेवटी ते दूध गाळून पिशव्यांत भरू लागले आणि मागच्या व्हरांड्यातल्या फ्रीझरमध्ये ठेवू लागले.

हा फ्रीझर बायकोने एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून आणला होता. गल्लीतल्या कुणालाही त्यात काही ठेवायची मुभा होती. मागच्या फाटकाला नुसती कडी होती. नर्सबाई बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या, समोरचा शिंपी मटार. ही पद्धत बायको गेल्यावरही चालू राहिली, कारण ती बंद कशी करायची हे घड्याळवाल्यांना ठाऊक नव्हतं.

लेक दर रविवारी यायची आणि आल्या आल्या फ्रीझर उघडायची. गेल्या रविवारी तिने झाकण लावलं आणि तिथेच उभी राहून बोलली.

"बाबा, हे दूध कोण पिणार आहे?"

"वाटतो की मी. तूही नेतेस."

"वाटता म्हणता, आणि फ्रीझर भरलेलाच. दिलं की नाही तेसुद्धा तुमच्या लक्षात राहत नाही. परवा दूध करपलं तर नर्सबाई धावत आल्या, तुम्हाला पत्ताच नाही."

"मी पेपर वाचत होतो."

"चुलीशेजारी बसून."

मग तिने निक्षून सांगितलं, की पुढच्या रविवारी एक शेळीवाला येईल. तोवर फ्रीझर रिकामा झाला तर ठीक. नाही झाला तर बाईसाहेब त्याच्याबरोबर जातील आणि बाबा तिच्याकडे राहायला येतील. तिच्या घरी चौथ्या मजल्यावर एक खोली तयार होती, पडदेसुद्धा लावून झाले होते.

घड्याळवाल्यांना ना पडदे हवे होते, ना चौथा मजला. बाईसाहेब नसत्या तर सकाळी साडेपाचला उठायचं कशासाठी, हा प्रश्न त्यांना पडला असता, आणि त्यांना तो पडू द्यायचा नव्हता. म्हणून ते सोमवारपासून झपाट्याने दूध वाटू लागले. दोन पिशव्या नर्सबाईंना, दोन शिंप्याला, दोन लेकीच्या घरी बसने नेऊन. सगळे हसून घेत होते. अरे वा, म्हणत होते. आणि फ्रीझर रिकामा होत नव्हता.

मंगळवारी सकाळी त्या एकवीस पिशव्या मोजल्यावर त्यांना स्वतःचा संशय आला. खरंच आपण दिल्या, की द्यायच्या म्हणून नुसतं मनात आणलं? त्यांनी नर्सबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, की काल दूध दिलं होतं ना मी?

"दिलंत की काका, छान होतं," नर्सबाई म्हणाल्या आणि लगेच त्यांना कपडे वाळत घालायचं आठवलं. बादली रिकामी होती.

तेव्हा घड्याळवाल्यांचा संशय स्वतःवरून उठून नर्सबाईंवर जाऊन बसला.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांची एक जुनी सवय असते. हातातून गेलेल्या प्रत्येक घड्याळाच्या मागच्या झाकणात ते आतून बारीकशी खूण कोरतात. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. पुढे कुणी भांडायला आलंच, तर घड्याळ कुणाचं नि आपण कधी उघडलं होतं, हे खूण सांगते. घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि प्रत्येक पिशवीच्या शिवणीजवळ पक्क्या शाईने घड्याळाचा एक काटा काढला. बारावर असलेला काटा नर्सबाईंचा, तीनवरचा शिंप्याचा, सहावरचा लेकीचा. मग पुन्हा सगळ्यांना वाटप केलं.

गुरुवारी बारावरचे दोन काटे फ्रीझरमध्ये परत आले. शुक्रवारी तीनवरचे. घड्याळवाल्यांना पहिल्यांदा आनंद झाला, कारण डोकं शाबूत होतं. बिघाड गल्लीत होता.

शनिवारी सकाळी पुन्हा दोन पिशव्या जास्त निघाल्या, त्या त्यांनी भिंगाखाली धरल्या. काटा सहावर होता.

ते फ्रीझरशेजारच्या स्टुलावर बसले. लेक रविवारखेरीज येत नाही, असं ते समजत होते. म्हणजे ती चोरून येते, पिशव्या ठेवते, आणि रविवारी येऊन म्हणते, फ्रीझर भरलेलाच. शेजारीही तिला सामील. सगळ्यांनी मिळून आपल्याला विसराळू ठरवायचं आणि चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवायचं, असा बेत आहे तर. शिंप्याने गेल्या महिन्यात फुकट शर्ट शिवून दिला होता, त्याचाही अर्थ आता लागला. लांबचा प्रवास असला की नवा शर्ट शिवतात.

त्यांनी सापळा लावला. दुपारपर्यंत अख्खा फ्रीझर वाटून टाकला, एक पिशवी मागे ठेवली नाही. शिंप्याला सहा दिल्या तेव्हा त्याच्या ओठांतली टाचणी गळून पडली. काम करताना ती तोंडात धरायची त्याला सवय होती. लेकीकडे आठ पोचवल्या आणि तिला बजावलं, की आता उद्या येऊन रिकामा फ्रीझर बघ. मग चार वाजता ते शेळीच्या गोठ्यात जाऊन गवताच्या भाऱ्यामागे बसले. बाईसाहेबांना हे पसंत नव्हतं. त्या त्यांच्या बाहीचं बटण चघळत उभ्या राहिल्या.

पाचला कडी वाजली. नर्सबाई आल्या, पदराखाली पिशव्या. त्यांनी झाकण उघडलं तेवढ्यात शिंपी आला, कापडात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिंपी म्हणाला, मटार न्यायला आलो होतो. नर्सबाई म्हणाल्या, मी बर्फ. मग दोघंही काही न बोलता भराभर पिशव्या आत रचू लागले. शिंपी खालचा थर लावत होता, नर्सबाई वरचा.

तेवढ्यात फाटकातून लेक आत आली. तिच्या हातात प्रवासाची बॅग होती आणि बॅगेतून पाणी ठिबकत होतं.

घड्याळवाले भाऱ्यामागून उठले. अंगाला गवत, एका बाहीला बटण नाही.

"आणखी कुणी यायचंय, की एवढेच?"

शिंप्याने हातातली पिशवी हळूच फ्रीझरवर ठेवली.

"काटा तीनवर आहे बघ तिचा. तुझी आहे ती," घड्याळवाले त्याला म्हणाले. "मी विसरतो, नाही का? चौघं मिळून एका म्हाताऱ्याला वेडा ठरवता?"

"आम्ही तिघंच आहोत दादा," शिंपी पुटपुटला.

"गप्प बस. नर्सबाई, तुम्ही सांगा. माझ्या लेकीने काय सांगितलं होतं तुम्हाला?"

नर्सबाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने त्यांच्याकडे. दुसरीही दूध परत आणून ठेवते हे त्या दोघींना आत्ताच कळलं होतं, हे चेहऱ्यांवरून दिसत होतं.

"काका, कुणी काही सांगितलं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "दुधाला पेट्रोलचा वास येतो."

"पेट्रोलचा?"

"तुमच्या दुकानात यायचा ना, तो. तोंडाला लावता येत नाही."

घड्याळवाल्यांनी पिशवी नाकाशी नेली. काही नाही. दुसरी नेली, तिलाही नाही. चाळीस वर्षं पेट्रोलमध्ये घड्याळं धुऊन नाक कधीच कामातून गेलं होतं. तिथेच लेकीने विचारलं, दूध कशातून गाळता? घड्याळवाल्यांनी अभिमानाने सांगितलं, की तिच्या आईचं गाळायचं फडकं विरलं, म्हणून दुकानाच्या खणातलं मलमलीचं नवंकोरं फडकं घेतलं. पंधरा वर्षं घडी मोडली नव्हती. त्या खणात दुसरं काय असायचं, असं लेकीने विचारलं. पेट्रोलची बाटली, असं म्हणता म्हणता ते थांबले.

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"काकू गेल्यापासून तुम्ही दारसुद्धा उघडत नव्हता," नर्सबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा आलात ते हातात दूध घेऊन. नको कसं म्हणायचं? आणि ओतून टाकायला हात होईना."

घड्याळवाल्यांनी दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या. मग लेकीकडे वळले.

"आणि तू? फ्रीझर भरलाय म्हणून शेळी विकायला निघालीस, आणि भरत होतीस तूच?"

"माझ्या चारच असायच्या आठवड्याला," लेक म्हणाली. "बाकीच्या तुमच्याच वाटल्या मला."

रविवारी सकाळी घड्याळवाल्यांनी नर्सबाईंच्या घरचं धुतलेलं फडकं आणलं आणि त्यातून दूध गाळलं. कप भरला आणि लेकीसमोर ठेवला. घरी नेऊ का, असं तिने विचारलं.

"इथेच पी. माझ्यासमोर."

तिने एक घोट घेतला. चांगलं आहे, म्हणाली. चांगलं या शब्दावर आता घड्याळवाल्यांचा विश्वास नव्हता. ते तिचा चेहरा भिंग लावल्यासारखा बघत राहिले. तिने कप संपवला, पातेल्याकडे हात नेला आणि स्वतःच दुसरा भरून घेतला. निम्मा झाल्यावर तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं आणि पाठमोरीच म्हणाली, आई गाळायची तसंच लागतंय.

अकराला शेळीवाला फाटकाशी आला. हातात दोर होता. लेक कप हातात घेऊनच बाहेर गेली आणि म्हणाली, शेळी विकायची नाही.

"अहो, मग फोन कुणी केला होता? दूध संपत नाही, म्हातारा माणूस, लवकर घेऊन जा म्हणाला होतात," शेळीवाल्याने विचारलं. त्याने बाईसाहेबांची कास लांबूनच जोखली होती आणि त्याला हे अजिबात खरं वाटत नव्हतं. "किंमत वाढवायचा विचार आहे का?"

लेकीने वडिलांकडे पाहिलं. शेळीवाल्यानेही पाहिलं.

"मला विचारू नका," घड्याळवाले म्हणाले. "मी हल्ली विसरतो."