चार बोटांचा फरक

जीपला जरा उंच स्प्रिंगा बसवाव्यात, एवढंच ग्रंथपालांनी ठरवलं होतं. दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसणाऱ्या माणसाला रविवारी डोंगरात चिखल उडवावासा वाटला, तर बिघडलं कुठं? पण उंच स्प्रिंगा आल्या म्हणून मोठे टायर आले, टायर आले म्हणून रुंद मडगार्ड आले, आणि शेवटी गाडीत चढायला स्वयंपाकघरातलं स्टूल आलं. स्टूल गेल्यापासून बायकोला वरच्या फळीवरचे डबे निघेनात.

मग तपासणीत गाडी दोनदा नापास झाली. आज तिसरी आणि शेवटची खेप. आजही नापास झाली तर नोंदणी रद्द, म्हणजे जीप कायमची दारात गंजत पडणार. बायकोनं भंगारवाल्याचा नंबर फोनमध्ये घालूनच ठेवला होता.

अडलं होतं ते मागच्या बंपरवर. तो नियमापेक्षा चार बोटं वर होता.

"स्प्रिंगा बदलायला आठवडा लागेल," मिस्त्री म्हणाला होता. "तोवर मागं वजन भरा. गाडी आपोआप खाली बसते. सगळे तेच करतात."

ग्रंथपालांना आधी संदर्भ विभागातले जाडजूड खंड आठवले. पण ते बाहेर न्यायला मनाई होती आणि तशी पाटी त्यांनीच रंगवली होती. (सरकारला फसवणं वेगळं, वाचनालयाला फसवणं वेगळं.) तेव्हा त्यांनी मेहुण्याला मागं बसवलं. मेहुणा बसला की घरचा सोफाही कण्हतो. त्यानं एकट्यानं तीन बोटांचं काम केलं आणि लगेच घोरू लागला. उरलेल्या एका बोटासाठी सासूबाईंना, "चला, जरा फिरून येऊ," असं सांगून आणलं. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. कॉपी करणारं पोर त्या पाठमोऱ्या असतानाही पकडत.

"आईला कळलं तर?" बायकोनं हळूच विचारलं.

"नाही कळणार."

"तुम्हाला माझी आई अजून कळलेली नाही."

तपासनीस बारीक चणीचा, अबोल माणूस होता. "ब्रेक दाबायला कोणीतरी बसा," तो म्हणाला. बायको स्टिअरिंगवर बसली. ग्रंथपाल स्टूल छातीशी धरून खाली उभे राहिले. दिवे झाले, ब्रेक झाले, मडगार्ड झाले. तपासनीस टेप घेऊन बंपरपाशी उकिडवा बसला. उंची बरोबर भरली. ग्रंथपालांनी श्वास सोडला.

"मागच्या बाई, जरा खाली उतरा."

ग्रंथपाल लगबगीनं पुढं झाले. "साहेब, सासूबाईंचा गुडघा..."

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या. "स्टूल ठेवा."

स्टूल ठेवावंच लागलं. सासूबाई उतरल्या आणि बंपर करकरत एक बोट वर आला.

"परत बसा," तपासनीस म्हणाला. बंपर खाली गेला.

"उतरा." वर आला.

"बसा."

बंपर पुन्हा खाली गेला. मागं मेहुणा घोरतच होता.

"जावईबापू," सासूबाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "मला फिरायला आणलंय की वजन म्हणून?"

ग्रंथपालांनी थाप मारायला तोंड उघडलं, पण त्या आवाजापुढं थाप सुचेना.

"वजन म्हणून."

"तीन वर्षं ही गाडी दारात आहे. एकदाही कोणी मला बस म्हटलं नाही. आज म्हटलं, म्हणून मी चांगली साडी नेसून आले."

ग्रंथपालांना मनापासून लाज वाटली. जीप गेली तरी चालेल, असं त्यांना क्षणभर वाटलंसुद्धा. (क्षणभरच.)

सासूबाईंनी चष्मा लावला आणि तपासनिसापुढं हात केला. "नियम दाखवा." त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला. "उंची नेहमीच्या भारासह मोजावी, असं लिहिलंय. मग नेहमीचा भार म्हणजे मी आणि हा माझा मुलगा."

"तुम्ही नेहमी असता गाडीत?"

"आजपासून."

तपासनीस बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिला. मग त्यानं लिहिलं: 'पास. मोजणीच्या वेळी गाडीत असलेल्या व्यक्तींसह.' आणि शिक्का मारला.

ग्रंथपालांचे डोळे भरून आले. त्यांनी स्टूल लावलं आणि बायकोला सरकायची खूण केली.

"कुठं निघालात?" सासूबाईंनी विचारलं.

"गाडी चालवायला."

"कागद वाचा. मोजणीच्या वेळी तुम्ही कुठं होतात?"

ग्रंथपालांनी कागद वाचला. मग पायाशी ठेवलेल्या स्टुलाकडं पाहिलं. मग आशेनं तपासनिसाकडं पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"आम्ही डोंगराकडून एक चक्कर मारून येतो," बायको किल्ली फिरवत म्हणाली. एवढी खूश ती लग्नानंतर पहिल्यांदाच दिसत होती. "स्टूल आठवणीनं घरी आणा."

बसथांब्यावर बाक नव्हता, म्हणून ग्रंथपाल स्टुलावरच बसले. बस आली. कंडक्टरनं त्यांचं पूर्ण तिकीट फाडलं आणि स्टुलाचं अर्धं. ग्रंथपालांनी नियम विचारला, तेव्हा त्यानं खिडकीवरच्या 'शांतता राखा' या पाटीकडं बोट दाखवलं.