नवस एरोचा, कंबर माझी

चूक माझी एवढीच, की जेवताना मी ज्ञान पाजळलं.

थायलंडमधल्या आमच्या फ्रे गावात नवसाच्या बाबतीत माझ्याइतका जाणकार दुसरा नाही. (प्रमोशनसाठी मी बाजारातल्या वडाखालच्या ठाण्यातल्या आजोबांना, म्हणजे आमच्या गावदेवाला, शंभर उकडलेली अंडी बोललो होतो. प्रमोशन शेजारच्या टेबलाला मिळालं. अंडी वाचली.) आमच्याकडे वर्षभर राहून शिकायला आलेला फिनलंडचा एरो, वय सतरा, उंची आमच्या फ्रिजपेक्षा वीतभर जास्त. त्याने विचारलं, "बाबा, आजोबांकडे काहीही मागता येतं?"

"मागावं की. पण अंडीबिंडी सगळेच देतात, आजोबा कंटाळलेत. गावाने कधी पाहिलं नसेल असं काहीतरी कबूल करावं. मग बघ कसे कान टवकारतात."

एरोने मान डोलावली. माझी बायको लामदुआन मात्र माझ्याकडे बघत राहिली. संकटं तिला आधी कळतात.

त्या दिवसांत एरोला आमच्याकडे पाठवणारी बँकॉकची संस्था त्याला दुसऱ्या कुटुंबात हलवायच्या विचारात होती. लामदुआनच्या हातून आठवडाभर रस्सा खारट होत होता. मग पत्र आलं, मुलगा मार्चपर्यंत तिथेच राहील. लामदुआन रडली. मी मोटरसायकल पुसायला बाहेर गेलो. (धूळ फार असते.)

"नवस पावला," एरो मागोमाग येऊन म्हणाला. "शनिवारी फेडायचा."

"शाब्बास. काय बोलला होतास?"

"बाबा नाचतील."

"कोणाचे बाबा?"

"माझे. म्हणजे तुम्ही. मी सगळ्या बाजारात विचारलं. तुम्हाला नाचताना कोणीच पाहिलेलं नाही. आईनेसुद्धा नाही, लग्नातसुद्धा नाही."

मी नाचणार नाही, हे मी जागच्या जागी सांगितलं. बावीस वर्षं कचेरीत जन्ममृत्यूचं रजिस्टर सांभाळतोय. ज्याच्या सहीशिवाय गावात माणूस रीतसर मरू शकत नाही, त्याने बाजारात कंबर हलवायची?

"आणि एकाने बोललेला नवस दुसऱ्याने फेडायचा, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?" मी लामदुआनला विचारलं.

"तुमच्या गुडघ्यासाठी मी महिनाभर मिरची सोडेन असं बोललात, तेव्हा कायदा कुठे होता?"

मी विषय बदलला, पण निश्चय बदलला नाही.

सोमवारी पाण्याचा पंप जळाला. मंगळवारी कचेरीचा शिक्का हरवला. (दोन तासांनी माझ्याच खिशात सापडला, पण तोवर प्रकरण साहेबांपर्यंत गेलं होतं.) बुधवारी छतावरची पाल थेट माझ्या वाटीत पडली, एरोच्या नाही. कच्च्या पपईचं सॅलड विकणारी बाई म्हणाली, "आधी नाचून या, मग कुटते." मी पपई सोडली.

गुरुवारी संस्थेचा फोन आला. एक कागद सापडत नाही, मुलाबद्दल पुन्हा विचार करावा लागेल.

एरोने पलंगाखालची बॅग ओढली आणि मी दिलेला निळा सदरा घडी करून माझ्या हातात ठेवला.

"तुझा आहे तो."

"नवस राहिला ना, बाबा. आजोबा परत घेणारच."

मला राग आला. आजोबांचा, संस्थेचा की माझा, ते नीट कळलं नाही. हे पोर गेलं तर जेवताना मला प्रश्न कोण विचारणार? लामदुआन विचारत नाही, तिला उत्तरं माहीत असतात. मला तो जायला नको होता, बस्स.

शनिवारी मी नाचलो. पण कोणाला घाबरून नाही, हे लिहून ठेवा. कडक इस्त्रीचा खाकी गणवेश चढवला, छातीवर फिती लावल्या. नाचायचंच तर सरकार नाचेल. लामदुआनने भावाकडून स्पीकर आणला. सगळी कचेरी पहिल्या रांगेत होती, साहेब खुर्ची घेऊन आले होते. हात सांभाळला की पाय विसरत होता, पाय सांभाळला की टोपी पडत होती. पण पूर्ण गाणंभर मी मान खाली घातली नाही. एरो टाळ्या वाजवत होता आणि डोळे पुसत होता.

गाणं संपलं. ठाण्याची देखभाल करणाऱ्या बुनसी मावशींनी एरोला जवळ बोलावलं. "तू नेमकं काय बोलला होतास रे, पोरा?"

फिनलंडच्या माणसाला खोटं बोलता येत नाही. "बाबा सुंदर नाचतील, असं."

मावशींनी मला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं. "मग नाही फिटला. पुन्हा नाचायला लावणं आजोबांना झेपायचं नाही. शंभर उकडलेली अंडी आणा, एवढं बघावं लागलं त्याची भरपाई."

एक अंडंही देणार नाही, असं मी तिथल्या तिथे ठणकावलं.

रविवारी सकाळी मी नव्वदावं अंडं पाण्यात सोडत होतो, तेव्हा फोन वाजला. कागद सापडला होता. एरो राहणार होता.

"बघितलंत?" मी पळी उंचावून म्हणालो. "शेवटी माझा नाच पावला."

"बावीस मिनिटांपूर्वी अंडी चुलीवर चढली," लामदुआन घड्याळाकडे बघत म्हणाली. "नाच तर कालच झाला होता."