धबधब्याच्या मागचा माणूस

वेल्डा टटलचं कुणी खरं मानलं नाही. नवऱ्यानं नाही, शेजारणीनं नाही, आणि चर्चच्या पाद्रीबाबांनी तर डोळ्यांत घालायचे थेंब सुचवले.

म्हणणं साधं होतं. फोटोतला टोपीवाला धबधब्याच्या मागे उभा आहे.

तिच्या नवऱ्याकडे, ऑरिनकडे, जुन्या जोडफोटोंची तेराशे कार्डं. पुठ्ठ्यावर एकाच देखाव्याचे दोन फोटो शेजारी शेजारी, ते दोन भिंगांच्या लाकडी यंत्रातून बघायचे. मग देखावा असा खोल दिसतो, की हात घालावासा वाटतो. बावीस वर्षं ही कार्डं जेवणाच्या टेबलावर मुक्कामाला होती आणि टटल नवरा-बायको ताटल्या मांडीवर घेऊन जेवत होते. (थँक्सगिव्हिंगची टर्की वेल्डा इस्त्रीच्या फळीवर कापायची. हसू नका, कापून बघा.)

ऑरिन जोडफोटो जमवणाऱ्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात नायगाऱ्याचं लाडकं कार्ड मांडणार होता. वेल्डानं जाता जाता भिंगांना डोळे लावले आणि किंचाळलीच.

"अरे, हा माणूस पाण्याच्या मागे गेलाय! भोक पाडून आत बसवल्यासारखा!"

"पुढेच आहे अगं, खडकावर. मला स्वच्छ दिसतोय."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"बोलत नाहीस. ओरडतेस."

"लाव पैज!"

"लावली. चूक माझी निघाली तर टेबल रिकामं. कायमचं."

वेल्डानं दुसऱ्याच दिवशी टेबलक्लॉथ आणला. पिवळा, चेरीच्या नक्षीचा.

प्रदर्शनाच्या परीक्षक मर्टल हॉस्किन्स. वय एक्क्याऐंशी, नुसत्या पुठ्ठ्याच्या रंगावरून कार्डाचं साल सांगणाऱ्या. त्यांनी भिंगातून पाहिलं.

"माणूस मागे गेलाय."

"ऐकलंस?" वेल्डा अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली.

"डावीकडचा फोटो उजवीकडे चिकटवलाय, ऑरिन. त्यानं पुढचं मागे दिसतं. तुला दिसलं नाही?"

ऑरिननं भिंगांना डोळे लावले. "मला नेहमीसारखंच दिसतंय."

मर्टलबाईंनी त्याच्या एका भिंगावर हात ठेवला. "आता?"

"तसंच."

दुसऱ्यावर ठेवला. "आता?"

"तसंच."

"मग तुला खोल दिसतं तरी कधी?"

ऑरिन बावरला. "खोल... ते सगळे आपलं कौतुकानं म्हणतात ना?"

बावीस वर्षं! हॉलमध्ये कुणाला खोकला आला, कुणाला ठसका. वेल्डानं तर मनातल्या मनात टेबलक्लॉथ अंथरून वर फुलदाणीसुद्धा ठेवली.

मर्टलबाईंनी मात्र फोटोची कड नखानं उचलली, नाकाशी नेली. "ही खळ जुनी नाही. मैद्याची आहे. आणि हा वास... दालचिनी?"

वेल्डाला आठवलं. एप्रिलची साफसफाई. ओलं फडकं. सुटून हातात आलेले दोन फोटो, आणि ओट्यावर अ‍ॅपल पायसाठी दालचिनी घालून कालवलेला मैदा. दोन्ही फोटो दिसायला सारखेच, कुठला कुठे लावला म्हणून काय बिघडतं? दिले थापून, आणि गेली विसरून. (तेराशे कार्डं पुसणाऱ्या बाईला इतरही कामं असतात.)

ऑरिननं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला खोल दिसत नसलं तरी लाल दिसत होतं.

"चूक माझी निघाली तर टेबल रिकामं, असं म्हणालो होतो," तो हळूच म्हणाला.

क्लबचा नियम कडक. डागडुजी झालेल्या कार्डामागे करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागतेच. मर्टलबाईंनी पेनचं टोपण काढलं. "हं, सांगा. चिकटवलं कोणी?"

एवढं मोठं तोंड, पण त्यातून दोनच शब्द निघाले.

"वेल्डा टटल."