बंद करू नये

आयुष्यभर लोकांचे वीजमीटर वाचलेल्या अप्पांना एकच गोष्ट सोसत नसे, ती म्हणजे उगाच चालू असलेलं बटण. घरात त्यांच्या धाकाने कुणी दिवा लावून दुसऱ्या खोलीत जात नसे.

त्यांची लेक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर संशोधन करायची आणि नेमकी अप्पांच्याच डाव्या पायाची रक्तवाहिनी आकसली होती. रोज तासभर चाला, नाहीतर शस्त्रक्रिया, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण चार पावलांत पोटरी भरून यायची आणि अप्पा बूड टेकायचे. लेक काकुळतीला आली की म्हणायचे, उद्यापासून नक्की. तो उद्या वर्षभर उजाडला नव्हता.

एकदा दवाखान्यातून परतताना लेकीने त्यांना प्रयोगशाळेत बसवलं आणि ती मीटिंगला गेली. कोपऱ्यातल्या उबदार कपाटात एक यंत्र लालसर पाण्याच्या बशा एकसारखं हलवत होतं. जवळ ना माणूस, ना काणूस. अप्पांनी तासभर कळ काढली. मग बटण बंद केलं आणि समाधानाने डोळे मिटले. लेक घाईघाईत आली, त्यांना घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गहजब झाला. वीजवाल्याने फ्यूज बदलला, साहेबांनी शेजारच्या प्रयोगशाळेवर संशय घेतला, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. बटणाकडे मात्र कुणी पाहिलंच नाही. रात्री जेवताना लेकीकडून हे रामायण ऐकून अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

"अगं, ते मी बंद केलं. रिकामंच हलत होतं."

ती चिडली असती तर परवडलं असतं. ती ताट उचलून आत गेली. सकाळी तिने त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. आधीच्या फोटोत बशांमधल्या अस्तराच्या पेशी एका दिशेने शिस्तीत झोपल्या होत्या. आता सगळा पसारा झाला होता.

"यांच्या अंगावर रिसेप्टर असतात, अप्पा, बाहेरचा स्पर्श टिपणारे. वाहतं पाणी लागलं की ते आत निरोप देतात, वाहिनी सैल ठेवा, अस्तर नीट ठेवा. वाहणं मंदावलं की निरोप बंद. मग सूज येते, चरबी चिकटते."

"म्हणजे माझ्या पायात..."

"तिथलं बटण तुम्ही न चालून वर्षभर बंद ठेवलंय. बशा मी पुन्हा भरेन. तुम्हाला कुठून आणू?"

अप्पांना फार वाईट वाटलं. त्यांनी एक कागद मागून घेतला, मीटरच्या वहीतल्या वळणदार अक्षरात 'बंद करू नये' असं लिहिलं आणि बटणावर चिकटवलं. घरी ते चालत गेले. चारदा थांबले, पण गेले.

तीन आठवडे बरे गेले. मग एका सकाळी, आज पोटरी जरा जास्तच दुखतेय, असं पुटपुटत त्यांनी बूट आत ठेवायला उचलले. बुटावर चिठ्ठी होती, लेकीच्या अक्षरात. 'बंद करू नये.'

अप्पा स्टुलावर बसले आणि बूट चढवून नाड्या बांधू लागले.

"तुझं यंत्र हलतंय ना गं?"

"हलतंय," आतून उत्तर आलं.

"मग ये इकडे," अप्पांनी हात पुढे केला, "मलाही हलव."