अण्णांनी निवडलेली वाळू

"जमिनीचं मला शिकवू नकोस!" अण्णा लेकीला म्हणाले. "उभा जन्म लोकांच्या घरांत फरशा बसवण्यात गेलाय माझा. तुझ्या रिंगणात काय घालायचं ते मी बघतो. तू निर्धास्त जा!"

लेक चांगली नोकरी सोडून घोडेस्वारीची शाळा काढत होती. तबेला झाला होता, कुंपण झालं होतं, रिंगणाची जमीन तेवढी राहिली होती. तपासनीस एकदा 'पास' म्हणाले, की शाळा सुरू! घोडे आणायला परगावी निघताना तिने पुन्हा पुन्हा बजावलं, "अण्णा, टोकदार कणांचीच वाळू घ्या. ती घट्ट बसते."

अण्णांनी दुकानात टोकदार वाळू मुठीत धरली. टोचली! मुक्या जनावरांच्या पायाखाली हे? छे! शेजारीच दुसरा ढीग होता, पिठासारखा मऊ. अण्णांनी चपला काढून त्यात पाय खुपसले आणि सुखाने त्यांचे डोळेच मिटले. तीच वाळू रिंगणात पडली, चांगली घोटाभर!

लेक परतली ती थेट तपासणीच्या सकाळी. इकडे घोडे गाडीतून उतरतायत, तिकडे तपासनीस दारात हजर!

"अण्णा, ही कुठली वाळू?"

"मऊ आहे की नाही?"

लेकीचा चेहरा उतरला, पण आता बोलून काय उपयोग? ती घोडीवर बसून रिंगणात शिरली. घोडीने वाळू हुंगली, खुराने उकरली आणि गुडघे दुमडले. लेकीने कशीबशी उडी मारली. दुसऱ्या क्षणी घोडी पाठीवर, चारही पाय आभाळाकडे!

"गेली!" अण्णांनी हंबरडा फोडला. "अगं, गेली गं घोडी!"

"गेली नाही, लोळतेय! मऊ वाळू दिसली की लोळतात घोडे!"

घोडीखाली नवंकोरं खोगीर कडाडलं. दुसरा घोडा आणला, तोही आडवा!

"तुमचा लगाम ढिला पडतोय," तपासनीस मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "मी दाखवतो." ते ऐटीत काळ्या घोड्यावर चढले. घोडा लिफ्टसारखा सावकाश खाली आला. साहेब मिशीपर्यंत वाळूत!

"पाणी मारलं की बसेल वाळू!" अण्णा पाइप घेऊन धावले. फरशीखालची बसते, मग ही का नाही बसणार? पण वाळू बसली नाही, तिचा रबरबीत चिखल झाला. त्यात साहेबांचा एक बूट रुतला तो रुतलाच.

"नापास!" साहेब मागे न बघता म्हणाले आणि एका मोज्यावर लंगडत निघून गेले.

लेक घोडे घेऊन तबेल्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं अण्णांना वाटलं. दुपारभर ते एकटेच फावड्याने वाळू उपसत राहिले. उपसावी तेवढी मागे घसरत होती. शेवटी लेक चहा घेऊन आली, तशी त्यांच्या हातातलं फावडं गळून पडलं.

"पोरी, तुझं स्वप्न मी मातीत घातलं गं!"

लेकीने कप त्यांच्या हातात दिला.

"मातीत कुठे, अण्णा? वाळूत घातलंत. मातीत घातलं असतं, तर घोडे निदान उभे तरी राहिले असते!"