दर रविवारी अडकणारी पाचर

तक्रारीचा विषय : रविवारची ठोकाठोक (जर्मनीत रविवारी आवाजाला मनाई आहे). स्थळ : ब्राउनश्वाइग, आमच्या इमारतीचा दुसरा मजला. इसम : वसंतराव टिळेकर, पिंपरीच्या टूलरूममधून निवृत्त, हल्ली मुलीकडे मुक्काम. तक्रारदार : त्यांच्या डोक्यावर राहणारे आयटीवाले जोशी. तक्रार कोणाकडे : हाउसफेरवाल्टुंग, म्हणजे इमारतीची व्यवस्थापन कचेरी. साक्षीदार व लेखक : मी, ज्याने या गावातील निम्म्या मराठी मंडळींचे अर्ज लिहिले आहेत. पुराव्यासाठी मी स्वतः तेथे जाऊन बसलो.

तळमजल्यावरचे जर्मन शेजारी डीटर यांच्याकडे नेमबाजी क्लबचे, रीतसर परवान्याचे, बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणारे जुन्या घडणीचे रिव्हॉल्व्हर आहे. त्याची नळी एका आडव्या पोलादी पाचरेने जागी बसते. पाचर अडकली की नळी निघत नाही व काजळी साफ होत नाही. रिकामे रिव्हॉल्व्हर कुलूपबंद पेटीतून डीटर स्वतः वर आणतात.

टिळेकर टॉवेल अंथरतात, तेलाचे दोन थेंब सोडतात, थांबतात. मग पितळी पट्टीवर लाकडी हातोडीने टक्. पुन्हा तेल. "जोर लावणं म्हणजे अक्कल संपली," हे त्यांचे ब्रीद. मी मोठा हातोडा सुचवताच त्यांनी माझी खुर्ची मागे सरकवायला लावली.

टिळेकरांच्या पत्नी सुलभाताई म्हणाल्या, "अहो, हाउसफेरवाल्टुंगची आणखी एक नोटीस आली तर हे सगळं बंद करावं लागेल."

"येऊ दे. निघाल्याशिवाय उठणार नाही."

आणि सायंकाळी पाचर निघाली. डीटर "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असे म्हणत हात धुवायला गेले. तेव्हा मी स्पष्ट शब्दांत विचारले की, दर रविवारी दुरुस्त होणारी वस्तू पुढच्या रविवारी पुन्हा अडकते, हे कारागिराचे वैगुण्य नव्हे काय?

टिळेकरांनी पाचर भिंगाखाली धरली.

"ही ताजी खूण बघा. लोखंडी हातोडीची. माझ्याकडे लोखंडी हातोडी नाही. डीटर खाली स्वतःच ठोकून आणतात."

मग जाब विचारा, असे मी म्हणालो.

"काय विचारू? बायको गेल्यापासून त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. करमत नाही म्हणून आलो, असं कसं सांगेल माणूस? पाचर अडकली, असं सांगता येतं." ते पाचर पुसू लागले. "आणि मला तरी इथे दुसरं काम कोण आणून देतं?"

सबब, जोशी यांचा अर्ज मी लिहिणार नाही. त्याऐवजी हाउसफेरवाल्टुंगला विनंती की, टिळेकरांना रविवारी दुपारी, लाकडी हातोडीने, हळू ठोकण्याची लेखी मुभा द्यावी. उत्तर या आठवड्यातच मिळावे. येत्या रविवारी पाचर पुन्हा अडकणार आहे.